शोकाची ओवी : मराठी ख्रिस्ती परंपरेतील सांत्वनाचा इतिहास

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या साष्टी महालात ज्या कुटुंबांनी श्रद्धेने, भयाने किंवा वतन टिकवण्याच्या गरजेने बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या घरातून केवळ देव आणि देव्हारे गेले नाहीत, तर माणूस मेल्यानंतर मागे राहिलेल्यांनी काय करायचे याविषयीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही गेले. सुतकाचे दिवस, दहाव्याचा पिंड, तेरावा, वर्षश्राद्ध या विधींनी शोकाला एक कालक्रम दिलेला असतो. पहिल्या दिवशी कोणी येऊन बसायचे, कोणत्या दिवशी रडणे आवरते घ्यायचे आणि कोणत्या दिवशी पुन्हा शेतावर जायचे, हे घरच्यांना स्वतः ठरवावे लागत नाही. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली आणि त्यांच्याबरोबर हा कालक्रमही मोडला. ख्रिस्ती धर्माने दुःखी माणसाला कसे सावरले याचा मराठी मुलखातील इतिहास म्हणूनच एका रिकाम्या झालेल्या जागेपासून सुरू होतो, आणि ती जागा कशी रिकामी झाली हे विसरून तो सांगता येत नाही.

चर्चने या जागी आणलेली व्यवस्था पोकळ नव्हती. मृताला घंटेच्या नादात, क्रूस पुढे धरून नेले जाई. दफनाच्या वेळी लॅटिन प्रार्थना म्हटल्या जात. पुढे मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासनेतील प्रभुभोजनाचा मुख्य विधी, अर्पण केली जाई. कॅथलिक शिकवणीनुसार देवाच्या कृपेत मेलेले, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेले आत्मे शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गप्रवेशापूर्वी पापाचा मळ धुऊन निघण्याच्या अवस्थेत असतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थना, दानधर्म व मिस्सा यांनी त्यांना साहाय्य होते. दरवर्षी २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचे स्मरण होते, त्यामागे हीच कल्पना आहे. श्राद्ध गमावलेल्या माणसाला हा विचार परका वाटला नसावा, कारण मेलेल्या बापासाठी आपण अजून काही करू शकतो, हे आश्वासन त्यात होते; धर्मशास्त्राच्या दृष्टीने पिंड आणि मिस्सा यांत महदंतर असले, तरी शोकाकुल मुलाच्या हातांना दोन्हींनी काम दिले. त्याच्या जोडीला ‘कॉन्फ्रारिया’ होत्या. कॉन्फ्रारिया म्हणजे गावातील धर्मबंधूंचे मंडळ, ज्याचे सभासद एकमेकांच्या अंत्ययात्रेला जात आणि मृतांसाठी मिस्सा म्हणवून घेत. गोवा शहरातील ‘मिझेरिकॉर्दिया’ या दयाधर्माच्या संस्थेने तर निराधारांचे दफन हे आपले कर्तव्यच मानले होते.

तरीही एक उणीव राहिली, आणि ती भाषेची होती. अंत्यविधीचे शब्द लॅटिन होते, आणि ते विसाव्या शतकातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनच राहिले. जो शब्द कानावर पडतो पण कळत नाही, त्याने विधीला गांभीर्य येते; एकट्या रात्री मनाशी घोळवायला मात्र तो उपयोगी पडत नाही.

ही उणीव ज्याने ओळखली तो फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशू संघाचा धर्मगुरू होता. तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला, १६१९ मध्ये मरण पावला आणि मधली जवळजवळ चार दशके मुख्यतः साष्टीतच राहिला. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, कोकणीत धर्मशिक्षणाची पुस्तिका लिहिली, आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. या ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या निर्मितीचे कारण आले आहे. नवख्रिस्ती लोकांनी, त्यांतही पुराणश्रवणात वाढलेल्यांनी, विचारणा केली की जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या मनाला विरंगुळा देईल असे दुसरे काही का देत नाही? एका परकीय पाद्रीने हा प्रश्न ग्रंथात नोंदवून ठेवावा, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. कारण तो प्रश्न विनंतीचा असला तरी त्याच्या तळाशी तक्रार आहे.

क्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याचे दोन भाग आहेत, ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंतची बायबलकथा ३६ अवस्वरांत, आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत येते. अवस्वर म्हणजे या ग्रंथातील अध्याय. भाषा मराठी आहे, तिच्यावर गोव्याच्या बोलीची छाया आहे, आणि लिपी मात्र छापखान्याच्या सोयीने रोमन होती. स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि बाप्तिस्म्याला ज्ञानस्नान म्हटले. ज्या शब्दांनी श्रोत्यांच्या आजोबांनी मरण आणि मरणापलीकडचे जग समजून घेतले होते, त्याच शब्दांत त्याने नवी कथा बांधली.

शोकाच्या इतिहासात या ग्रंथाचे महत्त्व दोन गोष्टींमुळे आहे. पहिली गोष्ट त्याचा छंद. ओवी हा ज्ञानेश्वरांचा छंद आहे, तसाच तो जात्यावर बसलेल्या बाईचाही छंद आहे. तिचे माहेर, तिचा मेलेला भाऊ, तिचे न जगलेले मूल हे सारे तिने ओवीतच सांगितलेले असते. त्यामुळे येशूचे मरण ओवीत आले तेव्हा श्रोत्याच्या कानाला ते आपल्याच घरातल्या मरणाच्या सुरात ऐकू आले. दुसरी गोष्ट त्याचा आशय. चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या चरित्राचे बायबलमधील चार वृत्तांत, दुःखसहनाची कथा अत्यंत थोड्या शब्दांत सांगतात; पुराणकाराने मात्र पुराणाच्या रीतीला धरून ती विस्ताराने सांगितली, आणि पुत्राच्या मरणाने विदीर्ण झालेल्या मरियेच्या विलापाला जागा दिली. युरोपातील मध्ययुगीन भक्तीत मरियेच्या विलापाची परंपरा होतीच, परंतु मराठीत येताना तिला शोक करणाऱ्या कोकणी आईचा आवाज मिळाला. देवाची आई रडली, एवढे एक सांगणे ज्या बाईचे मूल नुकतेच पुरले गेले आहे तिच्यासाठी कोणत्याही तर्कशुद्ध उत्तरापेक्षा अधिक मोलाचे होते. दुःख का आले याचे उत्तर तिला मिळाले नाही. दुःखात ती एकटी नाही, हे मात्र तिला तिच्या भाषेत कळले.

हे मान्य करताना त्याची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, त्याच सत्तेने पुढे या भाषेचा आणि या सुरांचा छळ केला. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मनिष्ठेची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्याशी निगडित असंख्य रूढींवर बंदी घालणारा जाहीरनामा काढला, आणि त्यात लग्नघरी ओव्या गाणेही निषिद्ध ठरवले. हा इतिहास मराठीत आणि इंग्रजीत साधार मांडण्याचे मोठे काम अ. का. प्रियोळकर यांनी केले. नवख्रिस्ती माणसाचे सांत्वन आणि त्याच्यावरील अन्याय ही दोन्ही एकाच चर्चकडून आली, आणि त्याने त्यांतले सांत्वन आपलेसे करून ठेवले, याचे श्रेय चर्चपेक्षा त्या माणसालाच अधिक द्यावे लागेल.

उत्तर कोकणातही असेच घडले. वसई, साष्टी बेट (हे गोव्याच्या साष्टीहून वेगळे) आणि मुंबई या पट्ट्यातील ख्रिस्ती समाजासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायन्स याने येशूच्या दुःखसहनावर रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बनमध्ये छापले गेले. त्याची मराठी स्टीफन्सच्या मराठीइतकी प्रौढ नाही, ती त्या किनाऱ्याच्या बोलीला जवळची आहे, आणि कदाचित म्हणूनच ती टिकली. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, तरी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्ताच्या काळात, हे पुराण गायले जात राहिले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावेही लागले.

क्रिस्तपुराणाची खरी कसोटी मात्र गोव्याच्या दक्षिणेला, कानडा किनाऱ्यावर झाली. दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशन यांना कंटाळून गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे सतराव्या व अठराव्या शतकांत मंगळूरच्या परिसरात जाऊन स्थायिक झाली होती, आणि जाताना त्यांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या होत्या. मंगळूरच्या लढाईत या समाजाने इंग्रजांना साहाय्य केल्याच्या संशयावरून टिपू सुलतानाने १७८४ मध्ये त्यांना कैद करण्याचा हुकूम दिला. समाजाच्या स्मृतीत हा दिवस त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारचा आहे. त्याच दिवशी कपाळाला राख लावून ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ याची आठवण करून देण्यात येते आणि उपवासकाळ सुरू होतो. हजारो स्त्री-पुरुष आणि मुले पायी घाट चढून श्रीरंगपट्टणला नेली गेली. वाटेतच अनेक मेले, पुढे रोगराईने आणि छळाने अनेक मेले, आणि ४ मे १७९९ रोजी टिपूच्या मृत्यूनंतर सुटका झाली तेव्हा परत येणारे हे गेलेल्यांचा एक लहान अंश होते.

या पंधरा वर्षांच्या कैदेत धार्मिक दृष्टीने सर्वांत मोठी हानी ही होती की त्यांच्यात धर्मगुरू नव्हते, कारण ते आधीच हद्दपार केले गेले होते, आणि चर्च पाडली गेली होती. धर्मगुरूशिवाय मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अंत्याभ्यंग, म्हणजे पवित्र तेलाचा शेवटचा संस्कार, नाही. कॅथलिक माणसाला मरणाच्या वेळी आधार देणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट धर्मगुरूच्या हातून यायची असते, आणि तो हातच नव्हता. अशा वेळी उरले ते पाठ असलेले शब्द. मंगळुरी ख्रिस्ती परंपरा सांगते की या बंदिवासात क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी लोकांना धीर दिला, आणि हे सहज विश्वासार्ह वाटते. पुराण वाचायला दीक्षेची गरज नसते. ज्याला अक्षर येते तो वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि जे शतकाहून अधिक काळ दर रविवारी ऐकले गेले आहे ते पोथी हिरावून घेतली तरी हिरावले जात नाही. बॅबिलोनच्या बंदिवासात गेलेल्या इस्राएलाची कथा त्याच पुराणाच्या पहिल्या भागात होती, आणि ती ऐकणाऱ्यांना आपली जागा त्या कथेत शोधावी लागली नसणार.

राशोलच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाना यांनी मंगळूर येथे क्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती छापली ती घराघरांत जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे, आणि देवनागरीतील आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात सिद्ध केली. ज्या ग्रंथाला छापखान्याने जपले नाही त्याला गरजूंनी जपले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात आलेल्या प्रोटेस्टंट मिशनांनी या परंपरेशी फारसा संबंध ठेवला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोहोचले. प्रोटेस्टंट शिकवणीत शुद्धिस्थान नाही आणि मृतांसाठी मिस्साही नाही. मेलेला माणूस देवाच्या हाती गेला, त्याच्यासाठी आता करण्यासारखे काही नाही, पुनरुत्थानाची आशा धरून राहावे, एवढेच ती सांगते. ही शिकवण निर्मळ आहे, पण शोकात कठीण आहे, कारण हातांना ती काम देत नाही. म्हणून प्रोटेस्टंट घरात सांत्वनाचा सारा भार प्रार्थनेवर आणि गीतावर येऊन पडतो, आणि ती गीते आरंभी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा मार्ग धरला तो या कोरडेपणावर उपाय म्हणूनच. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ ची कादंबरी, जिला मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानले जाते, विधवांच्या दुःखाची कथा आहे. तिची नायिका स्वतः विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती श्रद्धेत आधार शोधते. कादंबरी म्हणून तिच्यात उपदेश अधिक आहे, परंतु मराठी कादंबरीचा आरंभ वैधव्याच्या शोकापासून आणि त्यावरील ख्रिस्ती सांत्वनाच्या दाव्यापासून व्हावा, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

कादंबरीत जे सहज घडते ते प्रत्यक्षात किती सावकाश घडते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण थोड्या अवधीत गेली. आईच्या अंत्ययात्रेला पुरेसे खांदेकरी न मिळाल्याने त्यांनी स्वतः तिरडीला हात दिला. पुढे भाऊ गेला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तिथे सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी स्वतःचे जीवन संपवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथे कथा संपते असे चरित्रकारांना वाटू शकते, पण रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मवृत्तात, स्पष्ट लिहिले आहे की बाप्तिस्म्याने त्यांना धर्म मिळाला, परंतु ज्याने मन निवले तो ख्रिस्त त्यांना १८९१ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी भेटला. या कबुलीचे मोल मोठे आहे. श्रद्धा स्वीकारली की शोक ओसरतो, असा समज मिशनरी वाङ्मयाने पसरवला होता. रमाबाईंच्या प्रांजळ लेखणीने तो खोडून काढला.

त्यांना मिळालेला विसावा स्वस्थ बसण्याचा नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी आणले. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे सुमारे दोन हजार जणी राहत होत्या. ज्या दुष्काळाने आपले आईबाप नेले, त्याच्याच तोंडातून दुसऱ्यांची लेकरे ओढून आणणे, हा रमाबाईंचा शोकविधी होता असे म्हणता येईल. जुलै १९२१ मध्ये एकुलती मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात गुंतल्या होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही, ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

रमाबाईंनी कर्माने जे साधले ते नारायण वामन टिळक यांनी गीताने साधले. चित्पावन घरातील हा कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. परकीय चालींची भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडत नाहीत हे ओळखून त्याने अभंग, ओवी, पदे आणि भजने यांतून शेकडो रचना केल्या, आणि त्या मराठी चर्चच्या उपासनेत रुजल्या. स्टीफन्सने तीन शतकांपूर्वी जे ओळखले होते ते टिळकांनी नव्याने ओळखले. फरक इतका की स्टीफन्सने ही भाषा शिकून घेतली होती, आणि टिळकांना ती आईच्या दुधाबरोबर मिळाली होती.

परंतु टिळकांच्या धर्मांतराने एक शोक निर्मिलाही. लक्ष्मीबाईंसाठी पतीचा बाप्तिस्मा म्हणजे जिवंतपणीचे वैधव्य होते. लहान मुलाला घेऊन त्यांनी पंढरपूर आणि नाशिक येथे वियोगाची वर्षे काढली, वेड लागेल की काय अशा अवस्थेतून त्या गेल्या, आणि त्याच काळात दुःखाला वाट देण्यासाठी त्या कविता करू लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा भाग आला आहे तो कोणावरही दोष न ठेवता, आणि म्हणूनच तो वाचताना मन हलते. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही सोवळे घेऊनच आल्या, वेगळा स्वयंपाक करून राहिल्या. राहुरीत माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही हे त्यांना आतून उमगले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथेही सांत्वन दुसऱ्याच्या सांगण्याने आले नाही आणि धावत आले नाही. टिळकांनी वाट पाहिली, ही त्यांची थोरवी होती.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा संकल्प जेमतेम आरंभीच्या अध्यायांपर्यंत पोहोचला होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरे लिहिताना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी तो ग्रंथ पुढे चालवायला घेतला, आणि वैधव्याच्या वर्षांत साठाहून अधिक अध्याय रचून येशूची कथा, त्याच्या दुःखसहनासह आणि पुनरुत्थानासह, शेवटास नेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातील बहुतेक ओव्या त्यांच्या आहेत.